विरुद्ध बाजूची चिठ्ठी

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे वादसभा भरायची. ‘भरायची’ म्हणते, कारण मीच ती बंद केली. अजूनही कुणी ना कुणी हळहळायला फोन करतं. बडोद्यात एवढं एक मराठी बोलायचं ठिकाण होतं, तेही गेलं, असं म्हणतं. मी ‘बरं’ म्हणते आणि फोन ठेवते. पूर्वी मी अशी तुटक नव्हते. पूर्वी एकदा बोलायला लागले की थांबत नसे, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

सभा माझ्या वडिलांनी सुरू केली, आम्ही घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या एका गल्लीत, राहत होतो तेव्हा. आजोबा संस्थानच्या कचेरीत भाषांतराचं काम करायचे, वडील शिक्षक, मी शिक्षिका. अशी बरीच मराठी घरं बडोद्यात आहेत. राज्य गेलं, हुद्दे गेले, आणि मागे उरली ती ‘आम्ही शिकलेली माणसं’ ही ऐट. पोरं उंबऱ्याबाहेर गेली की गुजराती, हिंदी, इंग्रजी बोलतात, आणि घरात येऊन चहा ठेव ना म्हणायला ‘मम्मी, चा मूक ने’ म्हणतात. निदान महिन्यातून एकदा त्यांनी सलग दहा मिनिटं मराठी बोलावं, एवढाच वडिलांचा हेतू होता. तो मी पुढे चालवला. पोळातलं घर विकून फ्लॅटमध्ये आले तरी चालवला. वीसेक माणसं यायची, हॉलमध्ये सतरंज्या घालायचो, आणि शेवटी चहा आणि खमण.

नियम साधे होते. येणाऱ्या प्रत्येकाने एक विषय चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. त्यातली एक चिठ्ठी उचलायची, तो त्या दिवसाचा विषय. बोलणारे दोघे आळीपाळीने ठरत, आणि बाजूने कोण, विरुद्ध कोण, याच्याही चिठ्ठ्याच. स्वतःला काय वाटतं याला काही किंमत नाही. जी बाजू वाट्याला येईल ती अशी मांडायची, की जन्मभर हा माणूस हेच मानत आला असावा. शेवटी हात वर करून मतं घ्यायचो, पण ती कोण चांगलं बोललं यावर. बरोबर कोण होतं, यावर आम्ही कधीच मत घेतलं नाही. हे आज लिहिताना जेवढं भयंकर वाटतंय तेवढं तेव्हा मुळीच वाटत नव्हतं. उलट मन मोकळं ठेवायचं हे शिक्षण आहे, असं मी नव्या येणाऱ्यांना अभिमानाने सांगायची.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते. मुलं मिळेनात म्हणून ती शाळा माझ्या निवृत्तीच्या आधीच बंद पडली. पण होती तोवर वक्तृत्वाची बक्षिसं माझ्याच हाताखालच्या मुलांनी आणली. मी त्यांना एक युक्ती शिकवायची. सगळ्यांकडे बघून बोललात तर कुणालाच बोलला नाहीत. श्रोत्यांतला एक चेहरा निवडा, जो मनापासून ऐकतोय असा, आणि शेवटपर्यंत त्याच्याशीच बोला. बाकीचे आपोआप येतात.

माझी भाची माझ्याकडेच वाढली. ती सातवीत असताना माझी बहीण गेली, आणि तिच्या वडिलांनी दुसरा संसार मांडला. मला मूल नव्हतं. मी तिची मावशी, पण पालक म्हणून शाळेच्या कागदांवर सही माझी असायची. ती माझं ऐकायची. कुठल्या शाखेला जावं, कुठली नोकरी घ्यावी, ड्रेस कुठला शिवावा, सगळं मला विचारून. एका गोष्टीत मात्र तिने मला विचारलं नाही. बडोद्याजवळच्या पादरा गावचा एक गुजराती मुलगा, मकरपुऱ्याच्या कारखान्यात इंजिनियर, तो तिने स्वतः निवडला. मी थोडी कुरकुर केली, मग नमतं घेतलं. मुलगा चांगला होता. मराठी शिकायचा मनापासून प्रयत्न करायचा आणि फार वाईट बोलायचा.

त्यांना मुलगी झाली. दीड महिन्याची असताना तिला लशी टोचून आणल्या, आणि तिला सडकून ताप आला. दोन दिवस पोर किंचाळत होती, मांडी सुजून लाल झाली होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होतं, औषध द्या, उतरेल. उतरलाही. पण भाचीच्या मनातून तो उतरला नाही. बाळंतपणाच्या रजेवर ती दिवसभर एकटी, हातात मोबाईल. कोरोनापासून लशींबद्दल जे काय काय फिरत असतं ते सगळं तिच्यापर्यंत यायला लागलं. एकदा तसलं काही बघितलं की मोबाईल पुढचं स्वतःच आणून देतो. ती मला पाठवायची. मी न बघता अंगठा पाठवायची. काहीतरी आलं असेल, असं म्हणून सोडून द्यायची. माझ्या भाचीला कुणीतरी रोज हळूहळू घाबरवतंय हे मला कळलं नाही, कारण मला सभेची तयारी असायची.

मुलगी तीन महिन्यांची होत आली असेल तेव्हाची सभा. भाची तिला मांडीवर घेऊन पहिल्या ओळीत बसली होती. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, पादऱ्याहून आल्या होत्या. त्यांना आमचं भराभर बोललेलं मराठी कळत नाही, म्हणून त्या स्वयंपाकघरात चहाच्या मागे लागल्या. बोलायची पाळी जावयाची होती, पहिल्यांदाच. समोरचा वक्ता आजारी होता, त्याच्या जागी मी उभी राहिले. डब्यातून चिठ्ठी निघाली. आईवडिलांनी मुलांना लस द्यावी की देऊ नये. मग बाजूंच्या चिठ्ठ्या काढल्या. त्याला ‘द्यावी’ आली आणि मला ‘देऊ नये’.

मला गंमत वाटली. हे मी मनापासून सांगते, कारण आता काही लपवून उपयोग नाही. सोपी बाजू मिळाली असती तर मी कंटाळले असते. जी बाजू उभीच राहू शकत नाही ती उभी करून दाखवायची, यात खरी कसोटी, असं मी मुलांना शिकवत आले होते.

तो आधी बोलला. त्याच्या हातात कागद होता, त्यावर गुजराती अक्षरांत मराठी लिहून आणल्यासारखं काहीतरी होतं. त्याने देवीचा रोग कसा गेला ते सांगितलं, पोलिओ कसा गेला ते सांगितलं. त्याच्या आजीच्या तोंडावर व्रण होते आणि तिची दोन भावंडं गेली होती, तेही सांगितलं. सगळं खरं होतं. पण ‘माझा मुलगी’ म्हणाला, दोनदा. ‘लस टोचावी’ऐवजी ‘लस मूकावी’ म्हणाला. लोक हसले, आणि मीसुद्धा पहिल्या वेळी हसले. दुसऱ्या वेळी मी बसल्या जागेवरून त्याची चूक सुधारली. तो थांबला, मान हलवली, कागदात ओळ शोधायला लागला, आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

मग मी उठले. मी एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. खरीही सांगितली नाही. मुद्दा नसेल तेव्हा माणूस उभा करावा हे मला येत होतं, म्हणून मी एक आई उभी केली. हसतंखेळतं मूल तिने दुसऱ्याच्या हातात दिलं आणि तापाने फणफणलेलं परत घेतलं. ‘ताप येईल आणि जाईल, असं सांगणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो. मूल मांडीवर घेऊन बसते ती आई. मग ठरवायचं कुणी?’ असं मी विचारलं आणि थांबले. कुठे थांबायचं ते मला नेमकं कळायचं. शेवटी म्हणाले, ‘थांबणं म्हणजे नाकारणं नव्हे.’ एवढं म्हणून खाली बसले.

आणि या सगळ्यात मी चेहरा कुणाचा निवडला असेल? पहिल्या ओळीत एक तरुण मुलगी, मांडीवर मूल, डोळे माझ्यावरून हलत नाहीत. दहा मिनिटं मी तिच्याशीच बोलले.

हात वर झाले. दोघं सोडून सगळे माझ्या बाजूने. टाळ्या. जावई स्वतःही टाळ्या वाजवत होता. मग त्याने सगळ्यांसमोर विचारलं, ‘मावशी, पण तुमचं खरं मत काय?’ मी म्हणाले, ‘सभेच्या दिवशी खरं मत विचारायचं नसतं, जावईबापू.’ पुन्हा हशा. चहा आला.

त्यानंतर सहा-सात महिने मला काहीच माहीत नव्हतं. एका दुपारी मी भाचीकडे गेले होते, आणि दारावर आशाबेन आली. सरकारी आरोग्य केंद्राची ही बाई घरोघर फिरून कुणाच्या मुलाचं काय राहिलंय ते बघते. भाचीने दार अर्धंच उघडलं, गोड बोलून तिला वाटेला लावलं. त्या बाईने वहीत काहीतरी खूण केली. मी विचारलं, काय म्हणत होती? भाची म्हणाली, तेच, गोवराचं. मी विचारलं, का, अजून दिली नाहीस? ती म्हणाली, त्या पहिल्या वेळेनंतर काहीच दिलेलं नाही. आणि मग अगदी सहज, मला माहीत असलेलीच गोष्ट सांगावी तशी म्हणाली, ‘थांबणं म्हणजे नाकारणं नव्हे, मावशी. तूच म्हणालीस ना.’

मला आधी काय वाटलं ते लिहिलं नाही तर या लिहिण्याला अर्थ नाही. आधी मला बरं वाटलं. माझं वाक्य तिच्या तोंडात शब्दाला शब्द होतं. शाळेतल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याने रस्त्यात भेटून माझीच कविता म्हणून दाखवली की बरं वाटतं, तसं. क्षणभरच, पण वाटलं.

मग मी बोलायला लागले. अगं, तो खेळ होता, ती चिठ्ठी होती, तुला माहीत नाही का? गोवर म्हणजे काय ते सांगितलं. मला आठवत असलेली मुलं सांगितली. डॉक्टरांना फोन लाव म्हणाले, आता, माझ्यासमोर. मी चांगलं बोलत होते, हे बोलतानाही मला कळत होतं. भाची मुलीचे केस विंचरत शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, ‘आज तुला दुसरी चिठ्ठी आली आहे, एवढंच.’

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. माझ्या दोन्ही बाजूंचं बोलणं तिने लहानपणापासून ऐकलं होतं. मद्यबंदी असावी, मद्यबंदी नसावी. परीक्षा असाव्यात, परीक्षा नसाव्यात. प्रत्येक वेळी मावशीचे डोळे पाणावतात, प्रत्येक वेळी आवाज हलतो. मग यातलं खरं कुठलं ते पोरीने कसं ओळखायचं? आणि तिने तरी निवडलं काय, तर तिच्या स्वतःच्या भीतीला जे पटत होतं ते. माणसं तेच निवडतात. मी फक्त त्या भीतीला घालायला चांगले कपडे दिले.

मी चिडून निघून आले. माझा राग असा आहे, की समोरच्याने ऐकलं नाही की मी बोलणं टाकते. पाच आठवडे मी तिच्याकडे फिरकले नाही, फोन आला तर दोन शब्दांत आटपला. आणि या पाच आठवड्यांत मी काय करत होते? मी वही घेतली आणि मुद्दे काढले. खरंच. लशीच्या बाजूने, क्रमवार, तिच्या प्रत्येक शंकेला उत्तर. कुठली ओळ खालच्या आवाजात घ्यायची, कुठे थांबायचं, सगळं. पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेणं सुचलं नाही, तिच्या डॉक्टरांना गाठणं सुचलं नाही, जावयाला बाजूला घेऊन बोलणं सुचलं नाही. वादाला तयारी लागते, एवढंच मला आयुष्यात येत होतं. ती वही भाचीने कधी पाहिली नाही, कारण त्याआधी त्यांच्या सोसायटीत गोवर आला.

मुलगी अकरा महिन्यांची होती. आधी ताप, खोकला, डोळे लाल, मग कानामागून पुरळ सुरू झालं आणि सगळ्या अंगावर पसरलं. पादऱ्याहून विहीणबाई सकाळच्या पहिल्या बसने आल्या, नातीला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ओरी छे. डॉक्टर पासे लई जाव.’ गोवर आहे, डॉक्टरकडे न्या. या बाई शीतळा सातमला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड खातात, देवीला हात जोडतात. त्याच बाईंनी आपली सगळी मुलं, आणि मोठ्या मुलाचा मुलगा, लस टोचायच्या दिवशी, बुधवारच्या बुधवारी, अंगणवाडीत नेऊन टोचून आणली आहेत. त्यांना या दोन्हींत काही भांडण दिसत नाही. भांडणं आम्हाला दिसतात.

पुरळ उतरलं. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. मी तर मनात म्हटलं, बघा, निभावलं. आणि मग पुन्हा ताप चढला, मुलीला झटके आले, आणि शुद्ध गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज आहे. क्वचित होतं, गोवरात. क्वचित हा शब्द आता आमच्या कुटुंबात सगळ्यांना, जावयालासुद्धा, नीट उच्चारता येतो.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर मी आणि जावई बसलो होतो. भाची आत होती. बऱ्याच वेळाने तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, ‘मावशी, तो विषय मी नाखलेला. डब्यात.’ मला आधी कळलंच नाही कशाचं बोलतोय. मग तो सांगत गेला. पहिल्या तापानंतर भाची घाबरली होती, त्याचं ऐकत नव्हती. ती फक्त मावशीचं ऐकते, हे त्याला ठाऊक होतं. पण मावशीकडे जाऊन बायकोची तक्रार करणं त्याला बरं वाटेना. म्हणून त्याने विषय लिहून टाकला. बोलणारं कुणीही असो, शेवटी मावशी दोन शब्द सांगेल आणि पोरीला पटेल. आमचे नियम त्याला नीट माहीत नव्हते. सभेत लोक जे मानतात तेच बोलतात, असं चिठ्ठी टाकेपर्यंत तो समजून चालला होता.

मी म्हणाले, मला आधी सांगायचं नाही का? तो म्हणाला, विचारलं होतं, सगळ्यांसमोर. त्याला माझ्यावर ओरडायचा हक्क होता. तो उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

मुलगी वाचली. दहा दिवसांनी घरी आली, वाळून गेलेली, पण वाचली. जावयाच्या कंपनीची बस संध्याकाळी सोसायटीच्या नाक्यावर हॉर्न देते. त्या आवाजावर ती आजारापूर्वी रांगत दाराकडे जायची. घरी आल्यावर पहिले काही दिवस गेली नाही, तेव्हा अशक्तपणा आहे असं सगळे म्हणाले. मग अंगात ताकद आली, रांगायला लागली, हसायला लागली, आणि बस हॉर्न देत राहिली. ती जमिनीवर बसून झाकणांशी खेळत राहिली. तिची आई तिच्या मागे उभी राहून तिला नावाने हाका मारत होती, आधी हळू, मग मोठ्याने. मी तिथे होते. त्या हाका मला अजून ऐकू येतात, आणि ज्या पोरीसाठी त्या होत्या तिला एकही ऐकू आली नाही.

तपासण्या झाल्या. दोन्ही कान गेलेत. ऑपरेशन करून यंत्र बसवता येईल, म्हणतात, मग त्यातून जे काही ऐकू येईल ते समजायला तिला शिकवावं लागेल. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी भाचीला सांगितलं आहे, की आता घरातल्या सगळ्यांनी हिच्याशी एकाच भाषेत बोलायचं. दोन-दोन भाषांचं ओझं हिच्यावर नको. शिकवणारी बाई गुजराती, वडील गुजराती, उद्याची शाळा गुजराती. भाचीने एका मिनिटात ठरवून टाकलं, मला न विचारता. बरोबर ठरवलं. आता तिच्याकडे गेले की मीही त्या मुलीच्या तोंडासमोर तोंड धरून, ओठ मोठे करून, ‘आव, बेटा, आव’ म्हणते. मराठी टिकावी म्हणून आम्ही सभा भरवत होतो.

सभेच्या लोकांना मी सगळं सांगितलं. कुणीही मला दोष दिला नाही. खेळ होता हो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भाची सज्ञान आहे, नोकरी करते, तिला समजायला नको का? एका गृहस्थांनी तर यावरच पुढच्या वेळी विषय ठेवू म्हटलं, वक्त्याची जबाबदारी किती. मी त्यांना घराबाहेर काढलं, आणि सभा त्याच दिवशी संपली.

भाची सगळ्यांना सांगते, निर्णय माझा होता. मला ती कधी काही बोललेली नाही. कधीकधी मला वाटतं, तिने एकदा बोलावं, एकदा तरी तोंडावर बोलावं. आणि खरं सांगते, मलाही तिचा राग येतो. एवढी शिकली, आणि एका रविवारच्या दहा मिनिटांवर पोरीचं आयुष्य लावलं? मग आठवतं, तिला शिकवलं कुणी. हा राग फिरून फिरून माझ्याच दारात येतो. मुलीच्या बाकीच्या सगळ्या लशी तिने आता पुऱ्या करून घेतल्या आहेत. सुई टोचताना मुलीला ती स्वतः धरते, आणि तोंड दुसरीकडे करते.

गेल्या हिवाळ्यात भाचीला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं, म्हणून मुलीला चार दिवस पादऱ्याला ठेवलं. पोचवायला मी गेले. दुपारी मुलगी झोपली, आणि विहीणबाई आणि मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलायला बसलो. त्या गुजरातीत बोलतात, मी गुजरातीत उत्तर देते, आमचं तसंच चालतं. सोलता सोलता त्या एकदम म्हणाल्या, ‘बेन, भूल मारी छे.’

मी म्हणाले, तुमची कसली चूक?

तेव्हा त्यांनी सांगितलं. नात पाच-सहा महिन्यांची असताना अशीच चार दिवस त्यांच्याकडे होती. त्या आठवड्यातला बुधवार आला. अंगणवाडी दोन घरं सोडून आहे. त्यांनी ठरवलं, कुणाला न सांगता घेऊन जायचं, टोचून आणायचं, ताप आला तर आला, सून रागावली तर रागावली. मुलीला टोपरं घातलं, कडेवर घेतलं, आणि अंगणवाडीच्या दारापर्यंत गेल्या. आत दोन बायका बसल्या होत्या, लगेच नंबर लागला असता. आणि त्या दारातून परत फिरल्या. त्या रविवारी स्वयंपाकघरात त्यांना टाळ्या ऐकू आल्या होत्या. घरी जाताना त्यांनी मुलाला विचारलं होतं, मावशी काय म्हणाल्या? त्याने सांगितलं होतं, लस देऊ नये म्हणाल्या. दारात उभं राहिल्यावर त्यांना वाटलं, आपण चार बुकं शिकलेल्या. एवढी भणेली, शिकलेली बेन नाही म्हणते, तर त्यात काहीतरी असेल. आपल्याला काय कळतं.

‘मारे अंदर जवुं जोईतुं हतुं,’ त्या म्हणाल्या. मी आत जायला हवं होतं. आणि मला हात जोडले. एवढ्या सगळ्या माणसांत चूक कबूल करून हात जोडणारी ही एकच बाई निघाली, आणि तिने ते जोडले मला.

मी त्यांचे हात खाली केले. म्हणाले, विहीणबाई, तुमची काही चूक नाही. मी त्या दिवशी जे बोलले ते मला स्वतःला पटत नव्हतं. लस द्यायलाच हवी, हे मी तेव्हाही मानत होते.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, त्यांना खरंच समजत नव्हतं. ‘तो पछी बोल्यां केम?’

मग बोललात का. मी सांगितलं, चिठ्ठी आली होती. आमच्याकडे तशी पद्धत आहे, जी चिठ्ठी येईल ती बाजू बोलायची.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मी पुढे काही सांगेन म्हणून. मग माझं गुजराती कमी पडलं असावं, मला प्रश्नच कळला नसावा, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी तोच प्रश्न मला पुन्हा विचारला, हिंदीत, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून.